नऊ घराण्यांचा पाठ

उरण शहराला लागून, करंजाच्या बाजूला, चांजे हे गाव आहे. मराठीच्या अभ्यासकाला हे नाव परिचित असावयास हवे. बहुधा ते नसते. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे शिलालेख येथे सापडले. त्यांतला एक अपरादित्याचा, शके १०६०चा, आणि दुसरा सोमेश्वराचा, शके ११८२चा. जवळच्या रानवड गावीही सोमेश्वराचाच शके ११८१चा लेख मिळाला. वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला शिलाहारांच्या कोरीव लेखांचा संग्रह १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे लेख आहेत. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने झिजलेल्या दगडावरची अक्षरे वाचणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी असा ठसा समोर घेऊन पाहिले आहे त्यालाच कळेल. समोर दिसते ती मात्रा आहे की दगडातली चीर, हे ठरत नाही. मग अभ्यासक त्याच राजाचे दुसरे लेख उघडतो, दानलेखांची नेहमीची शब्दरचना आठवतो आणि गळालेले अक्षर चौकटी कंसात भरतो. हे मी वाचलेले नाही, हे मी योजिले आहे, अशी कबुली त्या कंसात असते. आमच्या मते पुराभिलेखविद्येने वाङ्मयाभ्यासाला दिलेले सर्वांत मोलाचे चिन्ह तो कंस होय.

२०२२ च्या मार्चमध्ये 'नेचर' या नियतकालिकात 'इथाका' नावाच्या संगणकप्रणालीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. प्राचीन ग्रीक शिलालेखांतील गळालेली अक्षरे सुचवण्याचे काम ती करते. सुमारे ७८,००० ग्रीक लेख तिला शिकवण्यासाठी वापरले होते. शिकवण्याची रीत तशी सोपी. लेखातली काही अक्षरे झाकायची, ती ओळखायला लावायची, उत्तर चुकले की आतले हजारो-लाखो आकडे किंचित बदलायचे, आणि हा खेळ न थकता चालू ठेवायचा. यालाच 'डीप लर्निंग' म्हणतात. ग्रीकच्या अभ्यासकांनी एकट्याने केलेली पूर्ती सुमारे २५ टक्के वेळा बरोबर आली, प्रणालीची एकटीची ६२ टक्के, आणि प्रणाली हाताशी घेऊन बसलेल्या अभ्यासकांची ७२ टक्के. शिलाहारांचे उपलब्ध लेख मूठभर. त्यांवर असली प्रणाली शिकवता येणार नाही. यंत्राला विद्या मिळते ती आधी कोणी तरी गोळा करून, वाचून, छापून ठेवलेल्या पाठांतून.

हीच युक्ती गेल्या दशकात दुसऱ्या एका लिपीला लावली गेली. माणसाच्या प्रत्येक पेशीत चार अक्षरांत लिहिलेला सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर असतो. त्यात कोठे चूक झाली म्हणजे मेंदू बिघडतो, हे शोधण्यासाठी आज डीप लर्निंग वापरले जाते. या विषयावर बोलताना वर्तमानपत्रे 'यंत्राने मेंदूचे कोडे उलगडले' अशा थाटाचे मथळे देतात. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना मजकूर, पाठ, प्रत, प्रमाद या गोष्टींची सवय असते. तेव्हा या कथेचा पूर्वार्ध त्यांनी जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते. तो पूर्वार्ध मुंबईत घडला आहे. आमच्यापुरता तो उरणला येऊन भिडतो, म्हणून आधी उरणचे सांगतो.

आमची एक जुनी विद्यार्थिनी उरण तालुक्यातल्या एका गावची. गावाचे नाव येथे देत नाही. तिचे वडील मिठागरावर कामाला होते. चाळिशीनंतर ते चालताना डुलू लागले. पाय फाकवून टाकत, भिंतीचा आधार घेत चालत. पुढे बोलणेही जड, ओढल्यासारखे झाले. गावाने निदान केले: पितो. ते दारूला शिवत नव्हते. पण उरणात हे निदान किती सहज सुचावे, हे उरणचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याच्या लक्षात येईल. एकोणिसाव्या शतकात उरण मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी इलाख्यात प्रसिद्ध होते. भट्ट्यांचे मालक पारशी होते, मोहाची फुले गुजरातेतील पंचमहालांकडून येत आणि तयार माल मुंबईला जाई. भट्ट्या गेल्या. 'उरणची' या शब्दाला चिकटलेला वास मात्र त्यानंतरही बराच काळ उरला. त्या घरात आजोबाही असेच डुलत असत, आणि आजोबांची एक बहीणही. बाईमाणूस पिते असे म्हणण्याची गावाची छाती झाली नाही. तिच्या बाबतीत 'शाप' म्हणाले.

शाप हा शब्दही या मातीत जुना आहे. शिलाहारांच्या काळच्या कित्येक दानलेखांच्या शेवटी हे दान मोडणाऱ्याला मराठीत शिवी कोरलेली असते. तिलाच आपण गधेगाळ म्हणतो. दगडावर गाढव कोरलेले, आणि मोडणाऱ्याच्या आईची विटंबना. संस्कृतात दान आणि देशी भाषेत शिवी, ही वाटणी भाषेच्या इतिहासकाराला मोठी उद्बोधक वाटते. पण ज्या समाजात राजाज्ञासुद्धा घराण्याला शाप देऊन पुरी होते, तेथे तीन पिढ्या डुलत चालणाऱ्या घराकडे लोक कसे पाहतील, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती वडिलांना घेऊन मोऱ्याच्या बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरली. उरणची माणसे मोठ्या दुखण्याला याच वाटेने जात आली आहेत. मुंबईतल्या एका डॉक्टरांनी बरीच तपासणी केली. तिला त्यातली एकच गोष्ट लख्ख आठवते. डॉक्टरांनी आपली दोन बोटे हातभर अंतरावर धरली आणि वडिलांना सांगितले, आधी या बोटाकडे बघा, आता त्या. वडिलांची मान वळली. डोळे मागाहून, सावकाश, सरकत सरकत गेले. डॉक्टरांनी तिला विचारले, "घरात आणखी कोणाचे डोळे असे आहेत?" ती आम्हांला म्हणाली, "सर, इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांच्या पायांकडे बघत होतो."

हा जो डोळ्यांकडे पाहण्याचा धडा आहे, तो त्या डॉक्टरांना ज्या परंपरेतून मिळाला तिचा उगम भाऊच्या धक्क्यापासून फार दूर नाही. डॉ. नोशीर वाडिया (१९२५–२०१६) हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचे काम पाहत. १९७१ मध्ये त्यांनी आर. के. स्वामी यांच्यासह 'ब्रेन' या इंग्लंडमधील नियतकालिकात एक निबंध लिहिला. विषय असा: लहान मेंदू आणि मज्जारज्जू झिजवणारा, वंशपरंपरेने येणारा, तोल घालवणारा एक आजार, त्यात डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होते, आणि हा आजार नऊ घराण्यांत आढळला. निबंधाच्या शीर्षकातच कंसात 'नऊ घराणी' असे आहे. तोल जाण्याचे आनुवंशिक आजार तोवर अनेक वर्णिलेले होते आणि त्यांच्या वर्गीकरणाचा मोठा गोंधळ होता; प्रत्येक ग्रंथकाराची वेगळी यादी. वाडियांनी नव्या नावाचा हट्ट धरला नाही. त्यांनी एक खूण दाखवली आणि ती खूण ज्यांच्यात आहे ती घराणी वेगळी काढली.

ती खूण समजून घेण्यासाठी वाचनाचेच उदाहरण घेऊ. आपला डोळा ओळीवरून घसरत जातो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो उड्या मारतो. क्षणभर थांबतो, दोन-तीन शब्द टिपतो, उडी घेतो, पुन्हा थांबतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये एमिल झावाल यांच्या प्रयोगशाळेतील निरीक्षणांपासून हे ज्ञात आहे. एका सेकंदात अशा तीन-चार उड्या होतात, आणि एकेक उडी सेकंदाच्या काही शतांश भागात संपते. या उड्यांची आज्ञा मेंदूच्या देठातील ठरावीक चेतापेशींकडून निघते. वाडियांच्या रुग्णांत नेमके तेच स्थान झिजलेले होते. हलत्या वस्तूमागे डोळा जाई, कारण ती हालचाल वेगळ्या मार्गाने चालते. पण एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी घे म्हटले की तो रांगू लागे. डॉक्टर नेहमीप्रमाणे बोट हळूहळू फिरवून 'याच्या मागे बघा' म्हणत राहिले असते, तर ही खूण कधीच दिसली नसती. दोन बोटे धरावी लागली. आमच्या विद्यार्थिनीचे वडील 'लोकसत्ता' वाचायचे हळूहळू सोडत गेले, त्याला घरचे आळस समजत होते. ओळ संपल्यावर पुढच्या ओळीच्या आरंभाकडे डोळा परतायला तयार नव्हता.

१९७१ ते १९९६ या पंचवीस वर्षांत जनुकशास्त्र कोठून कोठे गेले याची हकीकत आम्ही आटोपती घेतो, कारण ती सर्वत्र मिळते. क्यूबातील ओल्गीन प्रांतात अशाच आजाराची घराणी फार मोठ्या संख्येने होती. १९९३ मध्ये त्यांच्या अभ्यासातून या दोषाची जागा बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे ठरले, आणि १९९६ मध्ये अमेरिका, फ्रान्स व जपान येथील तीन गटांनी एकाच सुमारास तो जनुक शोधून काढला. आजाराला 'एस्-सी-ए-२' हे रूक्ष नाव मिळाले. १९९८ मध्ये वाडिया, आता सत्तरी ओलांडलेले, पुन्हा 'ब्रेन'मध्ये आले. या वेळी त्यांनी सहकाऱ्यांसह सहा भारतीय वंशावळी जनुकीय चाचणीसह मांडल्या, आणि डोळ्यांची ती मंद उडी हीच या आजाराच्या निदानाची महत्त्वाची खूण आहे, हे दाखवले. डोळ्यांनी केलेल्या वाचनाला सत्तावीस वर्षांनी अक्षरांचा पुरावा मिळाला. असे भाग्य पाठचिकित्सकांना क्वचित लाभते. अनुमानाने ठरवलेला पाठ नंतर एखाद्या जुन्या पोथीत तसाच सापडावा तसे हे झाले.

आणि दोष होता तो कोणत्या प्रकारचा? जुन्या पोथ्या हाताळणाऱ्याला तो ताबडतोब ओळखू येईल. नक्कल करताना लेखकाची नजर घसरते आणि लिहिलेला शब्द तो पुन्हा लिहितो. या जनुकात सी-ए-जी या तीन अक्षरांचा गट लागोपाठ येतो; बहुतेक माणसांत तो बावीस वेळा असतो. ज्यांच्यात तो तेहतीस किंवा अधिक वेळा येतो, त्यांना आजार होतो. गंमत अशी की निरोगी प्रतीत या पुनरावृत्तीच्या मध्ये एखाद-दोन ठिकाणी सी-ए-ए असा किंचित वेगळा गट असतो. तो दंडासारखा काम करतो. नकलाकाराला आपण कोठे आहोत हे कळते. आजारी प्रतीत बहुधा हे दंड नसतात. मग एकदा वाढलेली पुनरावृत्ती पुढच्या नकलेत आणखी वाढण्याचा संभव असतो. पुनरावृत्ती जितकी जास्त, तितका आजार लवकर. आजोबांना पन्नाशीला, बापाला चाळिशीला, नातवाला तिशीच्या आत, असा क्रम पुष्कळ घराण्यांत दिसतो. शापाला चढते व्याज असते, ही समजूत लोकांनी कोठून घेतली असेल, याचा एक धागा कदाचित येथे लागेल. अर्थात हे आमचे अनुमान. कंसात घालतो.

पाठचिकित्सेचा उल्लेख निघालाच आहे तर थोडे थांबू. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. या कामाची पद्धत बांधून देणारे विष्णु सीताराम सुकथनकर (१८८७–१९४३) हे केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला संस्कृताकडे वळलेले गृहस्थ. त्यांच्या पद्धतीतील मूळ तत्त्व असे की दोन पोथ्यांत बरोबर पाठ समान असणे हे काहीच सिद्ध करीत नाही. समान चूक असेल तर मात्र त्या दोन्ही एकाच आदर्शावरून उतरल्या असाव्यात. जनुकशास्त्रज्ञ आज अगदी हेच करतात. मुंबईचेच डॉ. भीम सिंघल यांनी १९९० च्या दशकात एका विशिष्ट समाजातील मुलांत एक आजार वर्णिला. डोके मोठे होत जाते, मेंदूच्या पांढऱ्या भागात दोष दिसतो, पण मूल बरीच वर्षे बऱ्यापैकी वावरते. २००१ मध्ये त्याचा जनुक सापडला, आणि नंतर दिसून आले की त्या समाजातील रुग्णांत बहुधा एकच चूक आहे: एक अक्षर जास्तीचे. एकच चूक, म्हणून कोठे तरी एकच पूर्वज. समाजाचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. वैद्यकाच्या वाङ्मयात ते सर्वत्र छापलेले आहे, पण लग्नाच्या बाजारात अशा माहितीचे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. सुकथनकरांनी एक इशाराही देऊन ठेवला होता. पोथ्या नुसत्या उतरत नाहीत, त्या एकमेकींत मिसळतात. म्हणून वंशवृक्ष काढताना फार खात्री बाळगू नये. माणसाच्या बाबतीत ही मिसळण दर पिढीत होते.

येथवर यंत्र आले नाही. नऊ घराणी, दोन बोटे आणि शेवटी एक साधी पीसीआर चाचणी, एवढ्यावर काम भागले. मग डीप लर्निंग हवे कशाला?

हवे अशासाठी की सगळे मेंदूविकार इतके सरळ नाहीत. स्किझोफ्रेनिया घ्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ७६,००० हून अधिक रुग्णांची तुलना होती, आणि त्यातून जीनोममधील २८७ ठिकाणे पुढे आली. एकेका ठिकाणाचा प्रभाव अगदी अल्प. शिवाय ही ठिकाणे बहुतांशी जेथे प्रथिनांचा मजकूर नाही अशा प्रदेशात. प्रथिने सांगणारा मजकूर तीन अब्जांपैकी जेमतेम दीड टक्का आहे. उरलेल्या भागात कोणता जनुक केव्हा, कोठे, किती चालावा याच्या सूचना दडलेल्या असतात, पण त्यांचे व्याकरण आपल्याला येत नाही. येथे यंत्राचा उपयोग सुरू होतो. २०१५ मध्ये झोऊ आणि ट्रोयान्स्काया या संशोधकांनी 'डीपसी' ही प्रणाली केली. तिला एक हजार अक्षरांचा तुकडा द्यायचा. त्या जागी पेशीत काय काय घडत असेल याची ९१९ भाकिते ती देते. मग त्या तुकड्यातले एकच अक्षर बदलून पुन्हा विचारायचे. दोन उत्तरांतील अंतर म्हणजे त्या अक्षराचे वजन. 'हा शब्द काढला तर ओळीचे काय होते' असा प्रश्न वर्गात आपणही विचारतोच.

या कुटुंबातील पुढच्या प्रणालीने २०१९ मध्ये १,७९० घरांतील मजकूर तपासला. प्रत्येक घरात एका मुलाला स्वमग्नता, आणि आईवडिलांना नाही. बहुतेक घरांत तुलनेसाठी निरोगी भावंड. मुलात नव्याने आलेली, आईवडिलांत नसलेली अक्षरे वेगळी काढली. नुसत्या संख्येने पाहता दोन भावंडांत फरक दिसत नव्हता. यंत्राने प्रत्येक अक्षराला वजन दिल्यावर मात्र स्वमग्न मुलांकडची अक्षरे एकंदरीत जड भरली. तो फरक समूहाचा आहे; एखाद्या आईने आपल्या मुलाचा कागद पुढे केला तर त्यावरून तिला काही सांगता येईल असे नाही. त्याच वर्षी 'स्प्लाइसएआय' आली. जनुकाचा मजकूर छापण्याआधी पेशी त्यातले काही भाग कापून जोडते. ती कात्री कोठे चुकेल हे ही प्रणाली दहा हजार अक्षरांचा संदर्भ पाहून सांगते. दुर्मीळ आनुवंशिक आजारांतील ९ ते ११ टक्के दोष अशा लपलेल्या कात्रीचे असावेत, असा तिच्या कर्त्यांचा अंदाज. २०२३ मध्ये 'अल्फामिसेन्स'ने प्रथिनांत एक घटक बदलणाऱ्या ७ कोटी १० लाख संभाव्य बदलांची वर्गवारी केली: ५७ टक्के बहुधा निरुपद्रवी, ३२ टक्के बहुधा घातक, उरलेले अनिश्चित. २०२५ मध्ये आलेली 'अल्फाजीनोम' एका वेळी दहा लाख अक्षरे वाचते.

हे सगळे थक्क करणारे आहे आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. विशेषतः 'उरलेले अनिश्चित' ही तिसरी पेटी ठेवली, याचे आम्हांला कौतुक वाटते. तो मिराशींचाच कंस. पण दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत.

पहिली अशी की त्या मिठागरावरच्या माणसाचा दोष 'अल्फामिसेन्स'च्या त्या सात कोटींत नाहीच. ती यादी एकाच्या जागी दुसरा घटक आला तर काय, याची आहे. पुन्हा पुन्हा लिहिला गेलेला तोच गट तिच्या प्रश्नातच बसत नाही. पुनरावृत्ती मोजण्यासाठी वेगळी साधने लागतात, आणि रूढ पद्धतीने तुकड्या-तुकड्यांनी वाचलेल्या जीनोममध्ये अशा लांब पुनरावृत्ती हरवण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. जीनोमव्यापी अभ्यासांत आजवर ज्यांचा मजकूर वाचला गेला त्यांतले सुमारे ८६ टक्के लोक युरोपीय वंशाचे, असा २०२२ मधील एका आढाव्याचा निष्कर्ष होता. दक्षिण आशियाई एक टक्काही नाहीत. महाभारताची आवृत्ती फक्त काश्मिरी पोथ्यांवरून केली आणि तिला अखिल भारताचा पाठ म्हटले, तर सुकथनकर काय म्हणाले असते? दक्षिणेकडच्या प्रतीतला एखादा पाठ आपल्याला अनोळखी आहे एवढ्यावरून तो भ्रष्ट ठरवणे, हा जसा दोष, तसाच दोष येथे घडतो: जे अक्षर मुंबईच्या एखाद्या समाजात सर्रास आढळते ते युरोपीय संग्रहात दिसत नाही, म्हणून संशयित ठरते. 'जीनोमइंडिया' प्रकल्पाने सुमारे दहा हजार भारतीयांचे संपूर्ण जीनोम वाचले आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस खुली झाली. हे मोठेच काम आहे. पण ते निरोगी लोकांचे वाचन आहे; त्यातून आपल्याकडचे सामान्य पाठभेद कळतील. आजाराचा पाठ कळण्यासाठी शेजारी माणूस लागतो. त्याचे डोळे कसे हलतात, तो कितव्या वर्षी पडला, बोलणे कधी जड झाले, घरात आणखी कोण, हे लिहून ठेवणारे कोणी तरी लागते. आता डोळ्यांच्या उड्या कॅमेऱ्याने टिपून त्यावरून यंत्राने आजार ओळखावा असेही प्रयोग चालू आहेत. चांगले आहे. त्या यंत्राला 'हे डोळे आजारी' असे शिकवणारा आधीचा डोळा मात्र माणसाचा असतो. यंत्राला दिलेल्या उत्तरपत्रिकेत जे नाव नाही ते त्याला सापडणार नाही.

आणि नावेच नसतात. मराठीत कुलवृत्तान्तांची मोठी परंपरा आहे. गेल्या शतकात कित्येक घराण्यांनी जाडजूड ग्रंथ छापले. मूळ पुरुष, मग पुत्र, पौत्र. मुलींचे बहुधा लग्नाबरोबर नावही बदलले, आणि वृक्षाची ती फांदी तेथेच छाटली गेली. एस्-सी-ए-२ मुलगा-मुलगी पाहत नाही. दोघांनाही येण्याचा संभव निम्मा असतो, आणि लेकीबरोबर तो दुसऱ्या आडनावात, दुसऱ्या गावात जातो. वाडियांच्या निबंधामागे किती आज्या, आत्या, मावश्यांची चौकशी असेल याची आम्ही कल्पना करून पाहतो. ते काम आपल्याकडच्या वंशावळीच्या उलट दिशेने झाले असणार.

आमच्या विद्यार्थिनीने ते काम स्वतःच्या घरापुरते हाती घेतले आहे. वडील वारले. आजार थांबवणारे सिद्ध औषध आजही नाही. ती आता एका शाळेत मराठी शिकवते. तिने स्वतःची चाचणी केलेली नाही, आणि करणार की नाही हे आम्ही विचारलेले नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल सुरू झाली, त्याच दिवशी न्हावा-शेवाचा सागरी पूलही. लाँचची वाट पाहण्याचे दिवस बऱ्याच अंशी संपले. मागच्या पावसाळ्यात ती लोकलने आली ती पिशवीत गुंडाळलेला ड्रॉइंगचा कागद घेऊन. त्यावर डॉक्टरी पद्धतीची वंशावळ: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आतून काळा. आजोबांची ती बहीण शोधायला तिला दोन वर्षे लागली होती. तिचे सासरचे नाव पेणकडच्या एका घरातल्या जुन्या पत्रिकेवर मिळाले. तिच्या चार लेकी चार गावांत गेल्या. त्यांतल्या एकीच्या घरी हिला उंबऱ्यावरूनच परत पाठवले, कारण घरात लग्नाची नात होती.

कागदावर आजोबांच्या शेजारी एक चौकोन रिकामा होता. आजोबांचा धाकटा भाऊ. घरात एवढेच ठाऊक की तो तिशीच्या आत करंजाच्या खाडीत होडीवरून पडून बुडाला. कोणी म्हणे प्यायलेला होता. त्याचा फोटो नाही, त्याच्या डोळ्यांविषयी कोणाला काही आठवत नाही. हा चौकोन काळा करावा का, असे तिने विचारले. आम्ही चांज्याच्या लेखाची छापील प्रत काढून तिला चौकटी कंस दाखवले. तिने थोडा वेळ पाहिले, मग पेन्सिलने त्या चौकोनाभोवती एक कंस काढला आणि आत प्रश्नचिन्ह घातले.